शेतकरी ऐकत का नाही? कॉफीच्या बागेतून एका जुन्या प्रश्नाकडे

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



मागच्या वेळी आपण विवेक म्हणजे काय, यावर बोललो होतो. शेवटी एका तरुण श्रोत्यानं मला विचारलं, "सर, कृषिशास्त्र एवढं पुढं गेलंय, सल्लाही फुकट मिळतो, मग शेतकरी ऐकत का नाही?" त्या दिवशी वेळ संपत आली होती. मी 'परंपरेचा पगडा', 'शिक्षणाचा अभाव' असं काहीतरी बोलून सुटका करून घेतली. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर मला टोचत राहिलं. कारण ते चूक आहे, हे मला माहीत होतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या दिवशीच्या उत्तराची दुरुस्ती आहे, असं समजा.

उदाहरण घेतलंय कॉफीचं. तुम्ही म्हणाल, ज्वारी-कापूस सोडून कॉफी कशाला? आपल्याकडे कॉफीची बाग म्हटलं की चिखलदऱ्याचं नाव निघतं आणि विषय तिथंच संपतो. पण कॉफी घेण्याला कारण आहे. सोयाबीनचं वाण चुकलं तर एक हंगाम जातो. तोही काही लहान घाव नव्हे, पण पुढच्या जूनमध्ये दुसरं वाण पेरता येतं. कॉफीचं तसं नाही. रोप लावलं की पहिलं पीक हाती यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि नीट राखलेलं झाड पुढं कित्येक दशकं उभं राहतं. आज घेतलेल्या निर्णयाबरोबर शेतकऱ्याला आयुष्यभर राहावं लागतं, कधीकधी त्याच्या मुलालाही. म्हणून 'माणूस निवड कशी करतो' हे बघायला कॉफीची बाग फार चांगली जागा आहे.

दुसरं एक. कॉफी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मोठमोठे मळे आणि साहेबांचे बंगले येतात. प्रत्यक्षात भारतात शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव कॉफी उत्पादक दहा हेक्टरांच्या आतले आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांकडे चार-पाच एकरच असतात. तेव्हा हा छोट्या माणसाचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनं मी कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात, म्हणजे आपण ज्याला कूर्ग म्हणतो तिथं, एका शेतकऱ्याकडे चार दिवस राहिलो होतो. देशातल्या कॉफीपैकी साधारण एक तृतीयांश कॉफी या एका जिल्ह्यातून येते. गृहस्थ साठीचे, आठ एकर बाग. मोडक्या हिंदीत आणि बऱ्या इंग्रजीत आमचं संभाषण चाले. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, मला शेतीतलं कळत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याचा फायदा असा झाला, की मला बावळट प्रश्न विचारायची मुभा मिळाली.

पहिला बावळट प्रश्न सावलीचा. भारतातली कॉफी झाडांच्या सावलीत वाढते. जाणकार सांगतात की सावलीला नाना जातींची स्थानिक झाडं ठेवा: फणस, अंजीरवर्गातली झाडं, शिसव. पालापाचोळ्यानं जमीन सुधारते, पाखरं राहतात, ओल टिकते. सगळं खरं आहे. यांच्या बागेत मात्र ओळीनं सिल्व्हर ओक उभे! हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, सरळसोट वाढणारं. मी मनात म्हटलं, हे बघा, इथंही माणूस शास्त्र ऐकत नाही. आणि विचारलं, "स्थानिक झाडं का नाही ठेवलीत?"

ते हसले आणि म्हणाले, "सर, आधी मला हे सांगा, ते झाड कोणाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. कोडगूमध्ये जमिनीच्या मालकीचे जुने, गुंतागुंतीचे प्रकार आहेत. काही जमिनींवर कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा, पण तिथल्या स्थानिक झाडांच्या लाकडावर हक्क सरकारचा. इतर ठिकाणीही स्थानिक झाड तोडायचं तर परवानगी, तपासणी, खेटे. सिल्व्हर ओक मात्र बाहेरून आलेलं झाड, त्याला ही बंधनं फारशी नाहीत. भराभर वाढतं, अडचणीच्या वर्षी विकता येतं, आणि सरळ खोडावर मिरीचा वेल चढवता येतो. म्हणजे एकाच झाडात सावली, मिरी आणि मुलीच्या लग्नाची तरतूद! फणसाचं विचारलं, तर म्हणाले, "फणस पिकला की हत्ती येतो." कोडगूत हत्तींचा वावर मोठा आहे. फणसाच्या वासानं हत्ती बागेत शिरला की एका रात्रीत कॉफीची किती झाडं मोडतील, सांगता येत नाही. म्हणून कुणी फणस कच्चाच उतरवतं, कुणी झाडच काढतं.

आता बघा. ज्याला मी 'अज्ञान' समजत होतो, त्याचं कारण त्या माणसाच्या डोक्यात नव्हतंच. ते कायद्यात होतं आणि शेजारच्या जंगलात होतं. स्थानिक झाडांचे फायदे त्यांना माझ्यापेक्षा दहापट ठाऊक होते. त्यांचं ज्ञान वाढवून काहीही बदललं नसतं. झाडाच्या हक्काचा नियम बदलला असता, तर कदाचित सावली बदलली असती.

दुसरा प्रश्न अरेबिका आणि रोबस्टाचा. अरेबिकाची चव नाजूक, भाव बहुधा जास्त. तरी आज भारतात पिकणाऱ्या कॉफीत सत्तर टक्क्यांच्या आसपास रोबस्टा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास चित्र उलटं होतं, अरेबिकाच जास्त होती. शेतकऱ्यांनी जास्त भावाचं पीक सोडून कमी भावाचं का धरलं? याचं एक मोठं कारण एक किडा आहे. पांढरा खोडकिडा. त्याची मादी अरेबिकाच्या खोडाच्या सालीत अंडी घालते, अळी आत शिरून खोड पोखरते, आणि झाड बाहेरून दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. उन्हात उघडं पडलेलं खोड या किड्याला जास्त आवडतं, म्हणून सावली पातळ केली की त्रास वाढतो. रोबस्टाला हा त्रास जवळपास नाही.

उपाय आहे का? आहे, आणि तो सगळ्यांना पाठ आहे. किड्याचे भुंगेरे वर्षातून दोनदा बाहेर पडतात: उन्हाळ्यात एप्रिल-मेच्या सुमारास आणि पावसाळ्यानंतर. त्याआधी पोखरलेली झाडं हुडकायची, मुळासकट उपटायची, जाळायची. खोडाची सैल साल घासून काढायची, चुन्याचं पाणी लावायचं. मी म्हटलं, मग करा की! ते म्हणाले, "मी करतो. पण पलीकडच्या बागेचा मालक बेंगळुरूला असतो. त्याच्या बागेतून भुंगेरे उडून येतात, त्यांना माझी हद्द कळत नाही." शिवाय कॉफीच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग मजुरीचा. एकेक खोड घासायचं म्हणजे माणसं लागतात, आणि ऐन वेळी माणसं मिळत नाहीत. तिथं आता आसाम-बंगालकडून मजूर येतात. म्हणून त्यांनी उताराच्या खालच्या अंगाला रोबस्टा लावली, आणि वर दोन एकर अरेबिका ठेवली. "दोनच एकर का?" तर म्हणाले, "तेवढ्या झाडांवर मी आणि बायको लक्ष ठेवू शकतो."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कुठल्याही शिफारसपत्रिकेत हा आकडा सापडणार नाही. दोन माणसांचे डोळे किती झाडांना पुरतात, यावरून क्षेत्र ठरलं होतं.

तिसरी गोष्ट काढणीनंतरची. फळ पिकल्यावर त्याच दिवशी गर काढून, धुऊन, मग वाळवलेल्या कॉफीला चांगला भाव मिळतो. पण त्यासाठी नेमकी पिकलेलीच फळं, म्हणजे एकाच झाडावर तीन-चार वेळा वेचणी, यंत्र आणि भरपूर पाणी लागतं. उलट फळं आहेत तशी खळ्यावर पसरून वाळवली, तर खर्च कमी आणि वाळलेलं फळ कोठीत ठेवता येतं. भाव पडला असेल तर थांबायचं, पोराची फी भरायची असेल तर चार पोती काढायची. मिरीचंही तसंच. आपण बँकेत ठेव ठेवतो, ते पोत्यात ठेवतात.

आणि हा भाव ठरवतो कोण? १९९० च्या दशकापूर्वी भारतातली कॉफी, कॉफी बोर्ड एकत्र गोळा करून विकत असे. भाव फार नसे, पण शेतकऱ्याला बाजाराशी झुंजावं लागत नसे. त्याच सुमारास जगातही एक बांध फुटला. आंतरराष्ट्रीय कॉफी करारानुसार देशांना निर्यातीचे कोटे होते, ते १९८९ साली कोसळले. पुढं व्हिएतनाम हा कॉफीतला मोठा देश झाला आणि २००१-०२ च्या सुमारास भाव असे पडले, की अनेक ठिकाणी वेचणीची मजुरीसुद्धा निघेना. उलट २०२५ च्या सुरुवातीला भाव विक्रमी चढले. ब्राझीलमध्ये दुष्काळ पडतो आणि कोडगूतल्या माणसाची दिवाळी होते. तिकडे पीक उदंड झालं की याचं दिवाळं. तिन्ही निवडी एकत्र ठेवा: रोबस्टा जास्त, सिल्व्हर ओकवर मिरी, आणि वाळवून साठवलेलं फळ. जास्तीत जास्त नफा हा यांतल्या एकाचाही हिशोब नाही. वाईट वर्षी जमीन विकावी लागू नये, हा हिशोब आहे.

आता थोडं तात्त्विक बोलू. घाबरू नका, थोडंच.

१९६२ साली एव्हरेट रॉजर्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं एक फार गाजलेलं पुस्तक लिहिलं, नवी गोष्ट समाजात कशी पसरते यावर. त्यानं माणसांचे पाच गट पाडले: अगदी पहिल्यांदा स्वीकारणाऱ्यांपासून ते सर्वांत शेवटी रेंगाळणाऱ्यांपर्यंत. या शेवटच्या गटाला त्यानं जो शब्द वापरला, त्याचा अर्थ 'मागे पडलेले'. बघा, शब्दातच निकाल लागला! रांग एकच आहे, दिशाही ठरलेली आहे, प्रश्न एवढाच की तुम्ही किती मागं आहात. रांगच चुकीच्या दिशेला असेल, ही शक्यता शब्दानं पुसून टाकली.

१९६४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झनं उलटी बाजू मांडली: पारंपरिक शेतकरी गरीब आहे, पण हातातल्या साधनांचा वापर तो काटेकोर करतो. पुढं १९७६ साली जेम्स स्कॉटनं आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांबद्दल दाखवलं, की जो काठावर जगतो तो सरासरी उत्पन्न बघत नाही, सर्वांत वाईट वर्ष बघतो. आणि हर्बर्ट सायमननं तर सगळ्यांबद्दलच सांगितलं, की माणूस 'सर्वोत्तम' शोधत बसत नाही, 'पुरेसं चांगलं' सापडलं की थांबतो. या तिघांचं ऐकलं तर त्या दोन एकरांचा हिशोब आपोआप उलगडतो.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो ॲरिस्टॉटल. तो म्हणतो, तरुण मुलगा उत्तम गणिती होऊ शकतो, पण व्यवहारविवेकी होऊ शकत नाही, कारण व्यवहारविवेकाला विशिष्ट गोष्टींचा अनुभव लागतो. आणि दुसरीकडे म्हणतो, वैद्य 'माणूस' या कल्पनेला बरं करत नसतो, समोरच्या या माणसाला बरं करतो. कृषिशास्त्र कॉफीच्या झाडाबद्दल बोलतं. शेतकऱ्यापुढं असतो हा उतार, हा शेजारी, ही बायको, हे गुडघे. दोन्ही ज्ञानं खरी. पण निर्णय दुसऱ्या ठिकाणी होतो.

इथं मी तुम्हाला सावध करतो. 'शेतकऱ्याला सगळं कळतं' असं मी म्हणत नाहीये. तो भाबडेपणा होईल. रॉजर्सचीच गोष्ट ऐका. त्याचे वडील आयोवात शेती करत. त्यांना नवी यंत्रं आवडत, पण संकरित मक्यावर त्यांचा विश्वास नव्हता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका तग धरून उभा राहिला आणि यांचा वाळून गेला. तेव्हा वडील चुकले होते. कोलंबियातही २००८ नंतर तांबेरा रोगानं उत्पादन फार घसरलं, आणि तिथल्या संशोधन केंद्रानं आधीच तयार केलेलं कास्तियो हे प्रतिकारक वाण लावणाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

पण आता दुसरं पान उलटा. आपल्याकडे १९८० च्या दशकात 'कावेरी' नावाचं वाण आलं. बुटकं, भरपूर पिकणारं, तांबेऱ्याला दाद न देणारं. अनेकांनी लावलं. काही वर्षांतच तांबेरा त्याच्यावरही दिसू लागला. यात शास्त्रज्ञांची लबाडी नव्हती. रोगाच्या नव्या जाती तयार होतात, हा निसर्ग आहे. १८६९ मध्ये सिलोनात तांबेरा नोंदला गेला आणि पुढच्या काही दशकांत तिथली कॉफी संपून चहा आला, तो याच निसर्गाचा खेळ. प्रश्न वेगळा आहे. वाण फसलं, तेव्हा ज्यानं शिफारस केली त्याचा पगार थांबला का? नाही. ज्यानं लावलं, त्याची चार वर्षं गेली.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, मंडळी. सल्ला बरोबर की चूक, हा अर्धा प्रश्न झाला. सल्ला चुकला तर नुकसान कोणाचं, हा उरलेला अर्धा. सल्ला देणारा आणि जोखीम उचलणारा ही दोन वेगळी माणसं असतील, तर जोखीम उचलणाऱ्यानं 'थांबा, आधी दोन ओळी लावून बघतो' म्हणणं हा अडाणीपणा नाही. तोच विवेक आहे. तुमच्या-माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी आपणही दुसरं मत घेतोच ना? तेव्हा आपल्याला कोणी मागे पडलेले म्हणत नाही.

जाता जाता एक घरचं सांगतो. आमचं रत्नागिरी जिल्ह्यात छोटं आगर होतं. नारळ, पोफळी, मध्ये केळी, पोफळीवर मिरवेल, कडेला दोन जायफळं. सत्तरच्या दशकात एक अधिकारी आले. हे सगळं काढा, एकाच जातीचे संकरित नारळ लावा, कर्ज मिळेल, म्हणाले. मी तेव्हा नुकता एम.ए. झालो होतो. मला आणि भावाला ते पूर्ण पटलं. वडील नाही म्हणाले. आम्ही वाद घातला, ते काही बोलले नाहीत, आणि आम्ही 'बाबा अडाणी आहेत' असं ठरवून टाकलं. मी तीस वर्षं विवेकावर व्याख्यानं दिली, पण बाबांना 'का नाही?' हे एकदाही विचारलं नाही. विचारणं आणि वाद घालणं यांत फरक असतो, बरं का. कोडगूतल्या त्या माणसाच्या बागेत सिल्व्हर ओकवर चढलेली मिरी बघताना मला एकदम आमची पोफळ आठवली. बाबा बरोबर होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित रॉजर्सच्या वडिलांसारखे तेही चुकले असतील. पण त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते आता मला कधीच कळणार नाही.

म्हणून त्या तरुण मित्राला माझं दुरुस्त उत्तर असं: 'शेतकरी ऐकत का नाही' हे आपापसात विचारू नका. त्याच्याकडे जाऊन, त्याच्या बांधावर बसून, 'तुम्ही असं का करता' हे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.



प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, मग कृषी विस्ताराचं काम करणाऱ्यांनी सल्ला देणंच बंद करायचं का?

उत्तर: अजिबात नाही. बाळेहोन्नूरचं कॉफी संशोधन केंद्र १९२५ पासून काम करतंय. ते नसतं तर आजची बाग उभी राहिली नसती. मी म्हणतो, सल्ल्याबरोबर जोखमीतही थोडा वाटा घ्या. नवं वाण द्यायचं तर आधी थोड्या क्षेत्रावर करू द्या, झाडं पिकेपर्यंतच्या वर्षांचा खर्च कसा निघणार ते सांगा. आणि खोडकिड्यासारखी गोष्ट एकेकट्याच्या गळ्यात घालू नका. गावातल्या सगळ्या बागा एकाच आठवड्यात साफ होतील, अशी व्यवस्था करा. ते एका शेतकऱ्याच्या शहाणपणानं होणारं काम नाही.

प्रश्न: आम्ही शहरातली माणसं 'पर्यावरणपूरक' असं लिहिलेली कॉफी विकत घेतो. त्याचा उपयोग होतो का?

उत्तर: होऊ शकतो. पण प्रमाणपत्राला कागद लागतात, तपासणी लागते आणि त्याचा खर्च असतो. युरोपीय संघानं २०२३ मध्ये कायदा केला, की २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथं विकता येणार नाही, आणि प्रत्येक बागेचं नकाशावरचं ठिकाण द्यावं लागेल. अंमलबजावणी पुढं ढकलली गेली, पण दिशा तीच आहे. हेतू चांगलाच आहे. पण जो पिढ्यानपिढ्या सावलीत कॉफी पिकवतो, त्यालाच आता ते सिद्ध करायचंय, आणि तेही स्वतःच्या खिशातून. तेव्हा पुढच्या वेळी पुडा घेताना त्यावरचं चित्र बघाच, पण दुकानदाराला हेही विचारा, की जास्तीच्या पैशातले किती त्या बागेपर्यंत पोचतात. त्याला उत्तर माहीत नसेल. पण चार जणांनी विचारलं, की तो पुढं विचारायला लागेल.